टरफलाचा हिशेब

दीड किलो वजनाची पांढरी लेगहॉर्न कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. प्रत्येक अंड्याचे टरफल साधारण साडेपाच ग्रॅमचे. मुलांना गुणाकार करायला सांगा: ३०० × ५.५ = १,६५० ग्रॅम. म्हणजे ही कोंबडी एका वर्षात स्वतःच्या वजनापेक्षा जास्त वजनाचे नुसते टरफल तयार करते. आतला बलक आणि पांढरा भाग वेगळाच!

टरफलाचे शेकडा पंचाण्णव भाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडी, संगमरवर, समुद्रातले शिंपले हे सगळे याच पदार्थाचे. (फळ्यावर लिहायचा आपला खडू मात्र बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. उदाहरण देताना एवढे लक्षात ठेवावे, नाहीतर पुढे आम्लाचा प्रयोग करताना मुले फसतात.) कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाने शेकडा चाळीस भाग कॅल्शियम असते. तेव्हा एका टरफलात सुमारे २.१ ग्रॅम आणि तीनशे टरफलांत सुमारे ६३० ग्रॅम कॅल्शियम झाले. कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात मिळून कॅल्शियम असते जेमतेम वीस ग्रॅम. त्याच्या तीसपट कॅल्शियम तिच्या शरीरातून वर्षभरात जाते. मग ते येते कुठून?

खाद्यातून, हे उत्तर बरोबर आहे, पण कोणत्या खाद्यातून? आपल्याकडे घरची कोंबडी ज्वारीवर वाढते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे २५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. २.१ ग्रॅम, म्हणजे २,१०० मिलिग्रॅम मिळवायचे तर ८ किलो ४०० ग्रॅम ज्वारी लागेल, आणि तीही तिच्यातले सगळे कॅल्शियम अंगी लागते असे धरून. प्रत्यक्षात कोंबडीला खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्म्याच्या आसपासच शोषून घेता येते. तेव्हा एका टरफलासाठी सोळा-सतरा किलो ज्वारी! कोंबडी दिवसाला खाते फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅम.

या कोड्याने दोनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या रसायनशास्त्रज्ञालाही चकवले होते. क्रोमियमचा शोध लावणाऱ्या लुई निकोला वोक्लँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९९ साली एका कोंबडीला काही दिवस फक्त मोजून ओट खाऊ घातले. ओटमध्ये चुना किती, हे त्याने आधी तपासून ठेवले होते. मग त्या दिवसांतल्या अंड्यांच्या टरफलांतला आणि विष्ठेतला चुना मोजला. तो खाल्लेल्या चुन्यापेक्षा कितीतरी जास्त भरला! कोंबडीने चुना ‘निर्माण’ केला की काय, असा प्रश्न पडला. पुढे विसाव्या शतकात काही जणांनी हाच प्रयोग पुढे करून, कोंबडीच्या पोटात एका मूलद्रव्याचे दुसरे मूलद्रव्य होते, असा दावाही केला. तसे काही होत नाही. वोक्लँने कोंबडीला जमेच्या बाजूला धरले नव्हते. कोंबडी रिकाम्या हाताने प्रयोगाला बसली नव्हती. तिच्या हाडांत चुन्याची ठेव होती आणि ती मोडून ती अंडी घालत होती.

हाडातली ठेव

अंडे घातल्यावर साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक अंडाशयातून सुटतो. अंडनलिकेत त्याच्याभोवती तीनएक तासांत पांढरा भाग चढतो. मग तासाभरात दोन पातळ पापुद्रे. इथपर्यंत सगळे चटकन होते. उरलेले अठरा-वीस तास अंडे एकाच ठिकाणी, कवचग्रंथीत, पडून असते. तिथे त्या पापुद्र्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक उभे राहत जातात. या कामाचा मोठा हिस्सा रात्रीत होतो.

कवचग्रंथी कॅल्शियम घेते रक्तातून. दर तासाला तिला शंभराहून जास्त मिलिग्रॅम लागते. कोंबडीच्या रक्तात एका वेळी असते वीस-पंचवीस मिलिग्रॅम. म्हणजे भर पडली नाही तर दहा-बारा मिनिटांत रक्त कोरडे पडेल. रक्तातले कॅल्शियम संपले की स्नायू आखडतात, हृदय थांबते. तेव्हा शरीर तसे होऊ देत नाही. दिवसा आतड्यातून आणि रात्री हाडांतून कॅल्शियम रक्तात येत राहते.

सगळ्याच हाडांतून मात्र नाही. तलंग अंड्यावर येण्याच्या दोन आठवडे आधी तिच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढते, आणि मांडीच्या व नडगीच्या पोकळ हाडांच्या आत एक नवीन, भुसभुशीत हाड तयार होऊ लागते. याला मज्जास्थी म्हणता येईल. त्याचा भार पेलण्यासाठी फारसा उपयोग नाही. ते रोज भरायचे आणि रोज रिकामे करायचे कोठार आहे. कोंबड्याच्या हाडात ते नसते. २००५ साली मेरी श्वाइत्झर या संशोधिकेला टायरॅनोसॉरस रेक्सच्या मांडीच्या हाडात असेच हाड आढळले, आणि साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी मेलेला तो प्राणी मादी होता, एवढेच नव्हे तर अंडी घालण्याच्या बेतात होता, असा तर्क त्यावरून करता आला.

कोठार रोज भरले गेले नाही तर? दोन-चार दिवस काहीच कळत नाही. अंडी येत राहतात. मग कोंबडी मज्जास्थीबरोबर खऱ्या हाडाचेही कॅल्शियम काढू लागते. टरफल पातळ होते, मधूनच एखादे बिनटरफलाचे पिलपिले अंडे येते, अंड्यांची संख्या घटते. पिंजऱ्यातल्या भरपूर अंडी देणाऱ्या कोंबड्यांत तर हाडे इतकी झिजतात, की एके दिवशी कोंबडी पायावर उभीच राहू शकत नाही. मालकाला वाटते लकवा झाला.

म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असावे लागते. वाढत्या पिलांना मात्र एक टक्का पुरते. पिलांना ‘लवकर अंड्यावर येतील’ म्हणून मोठ्यांचे खाद्य चारले तर जादा कॅल्शियम बाहेर टाकता टाकता त्यांचे मूत्रपिंड खराब होते.

चुनखडी पिठासारखी बारीक द्यायची की कणीदार, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण आहे मोठा गमतीचा. बारीक पीठ दोन-तीन तासांत आतड्यातून निघून जाते. दोन ते चार मिलिमीटरचे कण पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या जाड स्नायूंच्या पोटात, अडकून राहतात आणि आम्लात सावकाश विरघळतात. संध्याकाळी खाल्लेली कणी पहाटेपर्यंत पुरते. अंधारात कोंबडी काही खात नाही, आणि नेमके तेव्हाच टरफल बनत असते. कोंबडीला हे ठाऊक असावे असे तिचे वागणे असते. धान्य आणि शिंपल्याची कणी वेगवेगळ्या भांड्यांत ठेवली तर ज्या दिवशी टरफल बनायचे त्या दिवशी दुपारनंतर ती आपण होऊन कणीकडे वळते. खेड्यात कोंबड्या भिंतीच्या चुन्याचे पोपडे टोचताना दिसतात त्या याच भुकेने.

गावरान कोंबडीचे चालते कसे?

वर्षाला पन्नास-साठ अंडी देणारी गावरान कोंबडी आठ-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. मधल्या दिवसांत कोठार भरून घेते. दिवसभर उकिरडा उकरून गोगलगाई, किडे, चुन्याचे खडे मिळवते. तिचा जमाखर्च जुळतो. पंचाईत होते ती सुधारित जातीची कोंबडी त्याच अंगणात आणली की. वनराजा, गिरिराजा यांसारख्या जाती परसात वाढवण्यासाठीच तयार केल्या आहेत आणि गावरानपेक्षा दुप्पट-अडीचपट अंडी देतात. समजा बचत गटातल्या एखादीने अशा दहा तलंगा आणल्या आणि पूर्वीसारखीच मूठभर ज्वारी आणि उरलेसुरले अन्न टाकले. पहिले दोन महिने अंडी झकास येतात, कारण ती वोक्लँच्या कोंबडीसारखी हाडातून येत असतात. मग तडकलेली येऊ लागतात. तडकलेले अंडे बाजारात जात नाही. खुराड्यात फुटले तर कोंबड्यांना अंडे खाण्याची खोड लागते. ‘ही जातच नाजूक’ असे म्हणून कोंबड्या विकल्या जातात. दोष जातीचा नसतो.

यावर घरगुती उपाय बरेच सांगितले जातात. ते हिशेबाच्या तराजूत घालून पाहू या.

पहिला, चुन्याची निवळी. एक लिटर पाण्यात विरवलेला चुना फार तर दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो. त्यात कॅल्शियम सुमारे ०.९ ग्रॅम. कोंबडी दिवसाला २०० मिलिलिटर पाणी पिते. म्हणजे तिला मिळाले जेमतेम ०.१८ ग्रॅम. एका टरफलाच्या बाराव्या भागाइतके! निवळीने अपाय नाही, पण तिच्यावर विसंबण्यातही अर्थ नाही. दुसरा, जड पाणी. ‘आमच्या विहिरीच्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसतो, तेव्हा कोंबडीला वेगळे कॅल्शियम कशाला?’ अगदी जड पाण्यातही लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. २०० मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम. हिशेबात धरण्याजोगे नाही. तिसरा, अंड्यांची टरफले भाजून, कुटून पुन्हा चारणे. हा उपाय चांगला आहे, पण निम्मेच अंगी लागते; दोन टरफले खाऊ घालावी तेव्हा एक टरफल बनते. बाहेरून भर घालावीच लागते. चुनखडीत सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असते, म्हणून एका अंड्यामागे दहा-अकरा ग्रॅम चुनखडीची कणी लागेल. एवढीच, लहान मुठीत मावेल इतकी. डोलोमाइट नावाचा तसाच दिसणारा दगड मात्र नको. त्यात मॅग्नेशियम भरपूर असते, त्याने कोंबड्यांना ढाळ लागते आणि टरफल उलट पातळ होते.

आणि एवढे करूनही वऱ्हाडाच्या एका भागात टरफले पातळ राहण्याची शक्यता आहे.

खारपाण

शेगावहून उत्तरेला सातपुड्याकडे निघाले की संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल लागते. बकाल म्हणजे आज आपण अस्ताव्यस्त, भणंग असे समजतो. पण या शब्दाचा जुना अर्थ किराणा-धान्य विकणारा वाणी असा आहे, तेव्हा गावाने नावाबद्दल खंत बाळगायचे कारण नाही. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या सखल भागातून पूर्णा नदी पश्चिमेकडे तापीला मिळायला जाते. तिच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली आठशेहून अधिक गावे खारपाण पट्ट्यात मोडतात. संग्रामपूर तालुक्याचाही बराच भाग त्यात येतो. इथे नदीच्या गाळाची जमीन कित्येक ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे. चिकण मातीचे थर, निचरा कमी, पाऊस बेताचा आणि बाष्पीभवन फार. क्षार धुऊन जात नाहीत, साठत राहतात. विहिरीला पाणी लागते, पण ते खारे. शेताला द्यावे तर सोडियममुळे काळी जमीन चोपण होते. प्यावे तर घशाखाली उतरत नाही. या तालुक्यांतल्या मूत्रपिंडाच्या विकारांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. माणसांसाठी सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणावरून पाणीपुरवठा योजना झाली. पण गोडे पाणी जपून वापरायचे म्हटल्यावर कोंबड्यांच्या भांड्यात हातपंपाचे किंवा विहिरीचे पाणी जाते, हे ओघानेच आले.

खाऱ्या पाण्याचा टरफलाशी काय संबंध? हे उलगडले ऑस्ट्रेलियात. तिथेही अनेक पोल्ट्र्या खाऱ्या कूपनलिकांवर चालतात. सिडनी विद्यापीठातील डेरिक बाल्नेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अंड्यावरच्या कोंबड्यांना नळाच्या पाण्यात मोजून मीठ घालून पाजले. लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा. कोंबड्या ठणठणीत राहिल्या. खाणे कमी झाले नाही, अंड्यांची संख्याही फारशी घटली नाही. पण तडकलेल्या, पातळ टरफलाच्या अंड्यांचे प्रमाण खूपच वाढले. लिटरला ६०० मिलिग्रॅम मिठानेही परिणाम दिसला. तेवढेच मीठ पाण्याऐवजी खाद्यातून दिले तेव्हा मात्र असे झाले नाही. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही, की पुन्हा गोडे पाणी सुरू केल्यावरही टरफल पूर्ववत झाले नाही.

इथे जरा थांबून एक तुलना करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणीच नसेल तर १,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. ६०० मिलिग्रॅम मिठात क्लोराइड असते सुमारे ३६० मिलिग्रॅम. म्हणजे माणसासाठी ‘चालेल’ असा शेरा मिळालेले पाणीही अंड्याचे टरफल बिघडवू शकते.

बिघाड नेमका कुठे होतो हे समजण्यासाठी टरफलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे पाहावे लागेल. आतापर्यंत आपण कॅल्शियमबद्दलच बोललो. कार्बोनेट कुठून येते? चुनखडीतून, असे वाटेल. पण चुनखडी पोटातल्या आम्लात विरघळते तेव्हा तिच्यातले कार्बोनेट वायू होऊन निघून जाते. टरफलातले कार्बोनेट येते कोंबडीच्या स्वतःच्या पेशींत तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडपासून, जो आपण सगळेच श्वासावाटे टाकून देतो. कवचग्रंथीत हा वायू पाण्याशी संयोग पावून बायकार्बोनेट होतो. ही क्रिया आपोआप फार सावकाश होते. तिला वेग देणारे विकर आहे कार्बॉनिक अॅनहायड्रेज. १९४४ साली याचा एक विलक्षण पुरावा मिळाला. सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध दिलेल्या कोंबड्या बिनटरफलाची अंडी घालत, कारण ते औषध याच विकराला अडवते. खाद्यात कॅल्शियम भरपूर असूनही!

सिडनीच्या प्रयोगांत खारे पाणी प्यालेल्या कोंबड्यांच्या कवचग्रंथीत या विकराची क्रियाशीलता कमी झालेली आढळली, आणि कवचग्रंथीत पोहोचणारे बायकार्बोनेटही. म्हणजे अशा कोंबडीपुढे शिंपल्यांची रास ओतली तरी गाडी अडते ती दुसऱ्याच चाकापाशी.

त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. पारा ४४-४५ अंशांवर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. तिला घाम येत नाही; धापा टाकून, तोंडातले पाणी उडवूनच ती अंग थंड ठेवते. पण प्रत्येक धापेबरोबर कार्बन डायऑक्साइडही बाहेर जातो. रक्तातला हा वायू घटला की टरफलाचा कच्चा माल घटला. त्याच वेळी ती खाते कमी, म्हणजे कॅल्शियमही कमी. आणि पाणी पिते दुप्पट. विहिरीची पातळी खाली गेल्याने तेही बहुधा अधिक खारे. वैशाखात अंडी का तडकतात याची ही तीन-चार कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी १९८५ साली उष्ण खोलीतल्या कोंबड्यांना चक्क सोडा वॉटर पाजून पाहिले. टरफले सुधारली! आपल्याला ते परवडणारे नाही, पण उन्हाळ्यात खाद्यातल्या मिठाचा काही भाग काढून त्याऐवजी खाण्याचा सोडा घालण्याची जी रीत आहे, तिच्यामागचे तत्त्व हेच. यावरून हेही कळेल, की सगळेच खारे पाणी सारखे नसते. सोडियम बायकार्बोनेटचे खारटपण वेगळे आणि क्लोराइडचे वेगळे. पाणी तपासून घेताना नुसता एकूण क्षारांचा आकडा पुरत नाही. क्लोराइडचा आकडा वेगळा मागून घ्यावा.

चिमूटभर धातू

कार्बॉनिक अॅनहायड्रेजच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी जस्ताचा एक अणू बसलेला असतो. केलिन आणि मान यांनी १९३९-४०मध्ये हे दाखवले, आणि जस्त सजीवांना कशासाठी लागते याचा पहिला ठोस पुरावा मिळाला. मग खाऱ्या पाण्याच्या कोंबड्यांना जास्तीचे जस्त दिले तर? बाल्नेव्ह यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मेथिओनिन या अमिनो आम्लाशी जोडलेले जस्त खाद्यात मिसळून पाहिले, आणि खारे पाणी पिऊनही टरफले बरीच टिकली. क जीवनसत्त्वानेही असाच फायदा दिसला. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त, अल्कधर्मी काळ्या जमिनीत जस्त असूनही पिकांना सहज मिळत नाही, म्हणून शेतकरी झिंक सल्फेट टाकतात. अशा जमिनीतले धान्य खाणाऱ्या कोंबडीच्या वाट्याला जस्त बेताचेच येणार.

बाकीची खनिजे भराभर पाहू. मँगेनीज टरफलाच्या पायाभरणीला लागते. ज्या प्रथिनयुक्त बिंदूंवर स्फटिक उभे राहतात ते घडवणाऱ्या विकरांना ते हवे असते. १९३०च्या दशकात अमेरिकेत पिलांच्या घोट्याची शीर सरकून पाय वाकडे होण्याच्या रोगावर शोध चालला होता. हाडांचा रोग म्हणून हाडांचा चुरा चारला, तर रोग वाढला! जादा कॅल्शियम-फॉस्फरसने आतड्यातले मँगेनीज अडकून पडत होते. तांबे टरफलाखालच्या पापुद्र्यांचे धागे एकमेकांत घट्ट बांधते. फॉस्फरसची गोष्ट उलटी आहे. ज्वारी-मक्यात तो भरपूर असतो, पण त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग फायटेट या रूपात बंद असतो आणि कोंबडीला तो फोडता येत नाही. म्हणून पोल्ट्रीच्या खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट किंवा फायटेट फोडणारे फायटेज विकर घालतात. फॉस्फरस कमी पडला तर हाड बनत नाही. जास्त झाला तर टरफल पातळ होते. ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम आतड्यातून आत येत नाही, पण उन्हात फिरणाऱ्या कोंबडीला त्याची चिंता नाही.

दुकानात मिळणाऱ्या मिनरल मिक्सचरच्या पुड्यांवर ही सगळी नावे असतात. त्या घेऊ नयेत असे नाही. पण पुडीतल्या चिमूटभर जस्त-मँगेनीजने दहा ग्रॅम चुनखडीचे काम होत नाही, हे विकणारा क्वचितच सांगतो.

मुले एक प्रश्न हमखास विचारतील. कोंबडीला जास्त कॅल्शियम दिले तर अंडे खाणाऱ्यालाही जास्त मिळेल का? नाही. अंड्याच्या खाण्याच्या भागात पंचवीस-तीस मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि कोंबडीला काहीही चारा, त्यात फारसा फरक पडत नाही. लोहाचेही तसेच. कोंबडी पिलाच्या शिदोरीत काटकसर करत नाही; कमी पडले तर अंडी घालणेच थांबवते. आयोडीन आणि सेलेनियम मात्र खाद्यातून अंड्यात सरळ उतरतात. बलकाचा गडद पिवळा रंग मका, हिरवा पाला यांतल्या रंगद्रव्यांचा. खनिजांशी त्याचा संबंध नाही. टरफल तपकिरी की पांढरे, हे जातीवर ठरते.

मग टरफलाची एवढी काळजी कशाला? टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यातून पिलू श्वास घेते. तडा गेला की त्याच वाटेने जंतू आत शिरतात. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्याच्या शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे (न खाणाऱ्यांना केळे) सुरू झाले आणि जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला. त्या काळात अंड्याचे क्रेट शाळेपर्यंत आणणाऱ्यांना टरफलाची किंमत वेगळी सांगायला नको.

कोंबडीवाल्यांसाठी या सगळ्यातून निघणारी गोष्ट फार स्वस्त आहे. दहा कोंबड्या दिवसाला दोन लिटर पाणी पितात, उन्हाळ्यात चार. म्हणजे एका कळशीपेक्षा कमी. तेवढे नळाचे किंवा छपरावरून साठवलेले पावसाचे पाणी द्यावे, मातीच्या भांड्यात, सावलीत. आणि ते अंडी तडकू लागल्यावर नव्हे, तर तलंगा अंड्यावर येण्याच्या आधीपासून, कारण झालेले नुकसान भरून येत नाही. चुनखडीची किंवा शिंपल्यांची कणी वेगळ्या वाटीत, संध्याकाळच्या आत. ज्यांच्याकडे खाऱ्या पाण्याशिवाय इलाजच नाही त्यांनी जस्ताची भर पशुवैद्यकाला विचारून घालावी.

वर्गासाठी दोन प्रयोग

एक टरफल धुऊन, वाळवून, वजन करून शाळेच्या प्रयोगशाळेतल्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात शिक्षकांनी स्वतः टाकावे. निघणारा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. एका टरफलातून सुमारे सव्वा लिटर वायू निघतो. हा त्या कोंबडीने एके काळी न सोडलेला श्वास आहे, असे सांगितले की मुले भांड्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. तळाशी पापुद्रा शिल्लक राहतो.

दुसरा प्रयोग अंडे न फोडता टरफलाची जाडी ताडण्याचा. टरफलाची घनता पाण्याच्या दुपटीहून जास्त असते, आतल्या भागाची पाण्याहून जेमतेम जास्त. त्यामुळे टरफल जितके जाड तितके अंडे जड पडते. तीन बादल्यांत प्रत्येकी पाच लिटर पाणी घ्या. पहिलीत लिटरला ८७ ग्रॅम, दुसरीत १११ ग्रॅम, तिसरीत १३६ ग्रॅम मीठ विरघळवा. त्यांची घनता अनुक्रमे सुमारे १.०५६, १.०७१ आणि १.०८६ होते. अंडे आधी पहिल्या बादलीत सोडा. बुडाले तर काढून दुसरीत, मग तिसरीत. पहिल्या-दुसऱ्या बादलीतच तरंगणारे अंडे पातळ टरफलाचे. तिसरीतही बुडणारे उत्तम. अंडी त्याच दिवशी घातलेली हवीत, कारण शिळ्या अंड्यातले पाणी उडून हवेची पोकळी वाढते आणि जाड टरफलाचे अंडेही तरंगते.

खारपाण पट्ट्यातल्या शाळांना हा प्रयोग चैत्रापासून करता येईल. शाळेला सुटी लागली तरी ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत ती मुले घरच्या बादलीत तो चालू ठेवू शकतील, आषाढात पुन्हा शाळेत मोजता येईल. प्रत्येक अंड्यापुढे तारीख, दुपारचे तापमान, कोंबडीची जात, तिला कणी मिळते की नाही, आणि तिच्या भांड्यातले पाणी नळाचे, विहिरीचे की हातपंपाचे, एवढे रकाने आखून घ्यावेत.